व्हीआरवर चालायला शिकवता, मग रस्ता आपलाच दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या आरोग्य पुरवणीत लकव्याच्या पेशंटला व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे कॉम्प्युटरने डोळ्यांसमोर उभं केलेलं जग) लावून चालायला शिकवतात असा लेख आला होता, फोटोत एक आजोबा डोळ्यांवर तो काळा डबा लावून ट्रेडमिलवर उभे होते. तो लेख आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, मग माझ्या ऐरोलीच्या ऑफिसच्या ग्रुपवर, मग नातेवाईकांच्या, आणि जिथे तिथे कोणी ना कोणी मला विचारत होतं की अरे आत्याला हे केलंत का, किती खर्च येतो, कुठे मिळतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळलो म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त मधले आकडे कापू नका, तेच कामाचे आहेत.

माझी आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, पोस्टात होती, रिटायर झाल्यापासून कोपरीत आमच्याकडेच असते. तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि डावा हात-पाय गेला. हॉस्पिटलला वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला (गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाहीये, बोलणं जड झालं की 108 ला फोन करा नाहीतर मिळेल ती गाडी पकडून जिथे सीटी स्कॅन आहे तिथे जा, डोक्याला तेल चोळत बसू नका). बोलणंही शाबूत राहिलं. बोलणं शाबूत राहिल्याचे फायदे आम्ही घरातले सगळे दिवसभर घेतोय, तो विषय वेगळा.

लोकांना वाटतं लकवा म्हणजे पायातली ताकद गेली, मालिश केली, ताकद आली, की माणूस चालायला लागला. तसं नसतं हो. आत्याच्या पायात ताकद बऱ्यापैकी लवकर आली होती, तरी चालणं येईना. एक तर पंजा लोंबतो, त्यामुळे पाऊल पुढे टाकताना बोटं जमिनीला घासतात आणि ती घासू नयेत म्हणून माणूस पूर्ण पाय बाहेरच्या बाजूने फिरवून टाकतो, त्याला प्लास्टिकचं स्प्लिंट देतात, ते बुटात बसतं, चपलेत बसत नाही, आणि आमच्या घरात बूट घालून फिरायचं म्हटल्यावर पहिला महिना त्याच्यावरूनच भांडणं. दुसरं म्हणजे पाय कडक होतो आणि गुडघा मागे लॉक होतो. तिसरी गोष्ट मला कोणी आधी सांगितलीच नव्हती, की मेंदूची उजवी बाजू गेली तर काही पेशंटना डावीकडचं जगच राहत नाही. डोळ्यांना दिसतं पण मेंदू दखल घेत नाही. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची आणि वर ही म्हणणार आज भाजी केलीच नाहीत का, दरवाजातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटणार हे ठरलेलं. आणि चौथं, चालताना दुसरं काही करता येत नाही. आपण फोनवर बोलत, पिशवी सांभाळत, कुत्रा चुकवत चालतो कारण चालणं आपोआप होत असतं. तिला प्रत्येक पाऊल विचार करून टाकायला लागतं, त्यामुळे मधेच कोणी 'काय म्हणताय, बरं आहे का' विचारलं की ती जागच्या जागी थांबते किंवा तोल जातो.

आता हे सगळं परत कसं येतं, तर मेंदूतला मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो, आणि तो शिकतो फक्त सरावाने, खूप सरावाने. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात जोरात होते, नंतर वेग कमी होतो पण दार बंद होत नाही. (फार घाई पण चालत नाही बरं का. पहिल्या 24 तासांतच पेशंटला उठवून खूप चालवायचं का हे बघायला 2100 हून जास्त पेशंटवर एव्हर्ट नावाची मोठी चाचणी झाली, 2015 मधे निकाल आला, आणि घाईने जास्त उठवलेल्यांचं उलट थोडं कमीच भलं झालं. तेव्हा आयसीयूत 'अहो यांना चालवत का नाही' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.)

खूप सराव म्हणजे किती? इथेच सगळी गोम आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या रिहॅब सेंटर्समधे बसून काही संशोधकांनी लकव्याच्या पेशंटची तीनशेच्या वर सेशन्स प्रत्यक्ष मोजली होती, 2009 मधे छापून आलं. चालण्याच्या सेशनमधे सरासरी किती पावलं पडली, तर 357. लकव्याच्या पेशंटचं पाऊल आखूड असतं, म्हणजे 357 पावलांत ठाणे स्टेशनच्या एका प्लॅटफॉर्मचं एक टोक ते दुसरं टोक पण गाठलं जाणार नाही. आणि ही त्यांच्या चांगल्या सेंटर्सची गोष्ट. आपल्याकडे घरी येणारा फिजिओ पाऊण तास देतो, त्यात आधी हात, मग खांदा, मग स्ट्रेचिंग, चालायला शेवटची दहा मिनिटं, हॉलमधून गॅलरी आणि गॅलरीतून हॉल. दोष त्याचा नाही, त्याला पुढे तीन घरं करायची असतात. पण औषधाचा डोसच पाव दिला तर गुण कसा येणार.

व्हीआरचा खरा उपयोग या डोससाठी आहे असं माझं मत बनलंय. त्यात जादू काही नाही. माणूस कंटाळत नाही म्हणून जास्त पावलं टाकतो, एवढंच, पण ते 'एवढंच' फार मोठं आहे. ज्याने घरी कोणाकडून व्यायाम करून घेतलाय त्याला विचारा. आत्याला मी 'अजून एक फेरी' म्हटलं की ती 'तुझ्या आजोबांनी पण मला असं राबवलं नव्हतं' म्हणायची. तीच आत्या टीव्हीसमोर डावं पाऊल टाकून स्क्रीनवरचे आंबे पकडायला लागली आणि शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांचा स्कोअर आपल्यापेक्षा जास्त आहे हे कळलं, तेव्हा वेळ संपल्यावर तिला थांबवायला लागलं. वर माझ्याकडे तक्रार, 'ते चीटिंग करतात, कठड्याला धरतात.'

व्हीआर म्हणजे डोळ्यांवरचा डबाच असं लेखात वाटत होतं पण तसं नाहीये. एक प्रकार साधा, समोर मोठा टीव्ही आणि तुमची हालचाल ओळखणारा कॅमेरा, पेशंट कठड्याजवळ उभा राहून पावलं टाकतो, वजन या पायावरून त्या पायावर घेतो, स्क्रीनवर त्याचं चित्र हलतं. दुसरा प्रकार ट्रेडमिलचा, वरून छताला बांधलेला पट्टा असतो म्हणजे पडला तरी लटकतो, समोर स्क्रीनवर रस्ता दिसतो, काही मशीनमधे तर ट्रेडमिलच्या पट्ट्यावरच प्रकाशाने खड्डे आणि दगड दाखवतात आणि ते ओलांडायचे किंवा त्यांच्यावर बरोबर पाय ठेवायचा. तिसरा तो डबा, हेडसेट, त्यात आजूबाजूचं खरं जग दिसेनासं होतं. पहिले दोन मला जास्त पटतात. ज्याला आधीच तोल नाही, डावीकडचं भान नाही, त्याच्या डोळ्यांवर डबा लावून त्याला उभं करायचं म्हणजे शेजारी अनुभवी माणूस आणि वरून पट्टा पाहिजेच. शिवाय मळमळ. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण एका जागी आहोत, मेंदूचा गोंधळ होतो आणि गाडी लागल्यासारखं होतं. ज्यांना लकव्यानंतर फिट्स आल्या आहेत त्यांनी तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या डब्याला हात लावू नये.

एक मजेशीर गोष्ट आत्या नंतर ज्या सेंटरला गेली तिथल्या फिजिओ मॅडमनी सांगितली. ट्रेडमिलसमोरच्या स्क्रीनवरचा रस्ता मुद्दाम हळू सरकवला तर पेशंट नकळत वेगाने चालायला लागतो, कारण डोळ्यांना वाटतं आपण मागे पडलो. यावर प्रयोग झालेत, लकव्याच्या पेशंटवरही. नुसत्या गॅलरीत हे करता येत नाही. तसंच डावीकडचं. स्क्रीनवर आंबे आधी मधोमध पडतात, मग थोडे डावीकडे, मग अजून डावीकडे, सापडेपर्यंत मान वळवायला लागते. घरी आम्ही 'डावीकडे बघ, डावीकडे बघ' ओरडून घसा बसवला होता.

आता दुसरी बाजू, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरमधे आम्ही चौकशीला गेलो होतो, नाव लिहीत नाही. रिसेप्शनला एसी, कॉफी, भिंतीवर मेंदूचं निळं चित्र. 'व्हीआर वॉकिंग प्रोग्राम', सेशन्सचं पॅकेज, पैसे आगाऊ, आणि आकडा ऐकून वडिलांनी कॉफीचा कप खाली ठेवला. आत्याला खुर्चीत बसवलं, डबा लावला, समुद्रकिनाऱ्यावर चालल्याचा व्हिडिओ दाखवला. बसून! चालण्याचा प्रोग्राम आणि पेशंट बसलेला. लावणारा मुलगा फिजिओ नव्हता, टेक्निशियन होता. बीपी बघितलं नाही, किती वेगाने चालते ते मोजलं नाही, लकवा डावा की उजवा एवढं पण विचारलं नाही. थोड्याच वेळात आत्याला मळमळायला लागलं आणि तिने डबा काढून त्या मुलाच्या हातात दिला, म्हणाली, 'बाळा, मला समुद्र नको, संडासापर्यंत जायला शिकव.' (संपादक साहेब, हे वाक्य छापाच.)

दोष मशीनचा नव्हता हे मला नंतर दुसरीकडे तेच चांगलं वापरलेलं बघून कळलं. तिथे मॅडमनी आधी दहा मीटर जागेवर जमिनीला टेप लावून स्टॉपवॉचने वेळ घेतली, मग खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते घेतलं, आणि सगळं वहीत लिहिलं. स्क्रीन नंतर. दर थोड्या दिवसांनी तेच मोजमाप परत. ज्या सेंटरमधे जाल तिथे दोन प्रश्न विचारा, माझ्या पेशंटबरोबर पूर्ण वेळ फिजिओ उभा असणार का, आणि सुधारणा कशाने मोजणार. 'स्कोअर वाढेल ना' असं उत्तर आलं तर उठा. गेममधला स्कोअर वाढणं म्हणजे गेम येणं, चालणं येणं नव्हे.

आता संशोधन काय म्हणतं ते, कारण सेंटरवाले 'संशोधनाने सिद्ध' असं छापतात. सगळे अभ्यास एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, जाहिरातीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. 2017 मधे त्यांनी लकवा आणि व्हीआरचे 72 अभ्यास एकत्र तपासले, 2470 पेशंटचे, आणि नेहमीच्या व्यायामाच्या ऐवजी व्हीआर दिलं तर चालण्याच्या वेगात ठामपणे सांगावा असा फरक मिळाला नाही. हाताच्या बाबतीत नेहमीचा व्यायाम चालू ठेवून वरून जास्तीचं व्हीआर दिलं तेव्हा फायदा दिसला. 2025 मधे तेच परत केलं, आता अभ्यास 190 आणि पेशंट सात हजारांवर, तरी उत्तर फार बदललं नाही, हाताला थोडा फायदा आणि तोल सांभाळायला थोडा असू शकेल, चमत्कार नाही. ते 'ऐवजी' आणि 'वरून जास्तीचं' नीट वाचा हो, पॅकेज विकणारे बरोब्बर तिथेच घोळ घालतात.

दुसरा एक अभ्यास मला फार आवडला. कॅनडाच्या पुढाकाराने चार देशांत 141 पेशंटवर झाला, 2016 मधे आला. अर्ध्यांना निन्टेन्डो वी वर (टीव्हीला जोडून हात हलवून खेळायचं मशीन) गेम खेळायला दिले, अर्ध्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, चेंडू असले बैठे खेळ. हातात सुधारणा दोघांनाही सारखीच. हा हाताचा अभ्यास होता, चालण्याचा नाही, पण मुद्दा तोच. आमच्याकडे बदाम सात रोज होतो, पत्ते डाव्या हातात धरायचे हा नियम, आणि पानं पडली तरी आम्ही बघितलं नाही असं दाखवायचं.

तसंच अमेरिकेत 408 पेशंटवर 2011 मधे एक अभ्यास झाला होता, त्यात व्हीआर नव्हतं, पण वरून पट्ट्याने वजन पेलून ट्रेडमिलवर चालवायचं महागडं तंत्र होतं. एका गटाला ते, दुसऱ्या गटाला फिजिओने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षानंतर दोन्हीकडे सारखेच लोक सुधारले, एकूण 52 टक्क्यांचं चालणं वरच्या पायरीला गेलं. म्हणजे घरी येणारा आपला नेहमीचा फिजिओ, जर पुरेसा वेळ आणि पुरेसे दिवस आला, तर मशीनच्या तोडीस तोड आहे. उलट बाजूनेही पुरावा आहे, नाही असं नाही. 302 म्हाताऱ्या माणसांवर, जी आधीपासूनच वरचेवर पडायची, युरोप आणि इस्राएलमधे अभ्यास झाला, अर्ध्यांना नुसती ट्रेडमिल, अर्ध्यांना ट्रेडमिल आणि समोर स्क्रीनवर अडथळे, वळणं. स्क्रीनवाल्यांचं पुढच्या सहा महिन्यांतलं पडणं जवळपास निम्म्यावर आलं, नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं तेवढं नाही. ते लकव्याचे पेशंट नव्हते, पार्किन्सन्स वगैरेचे होते, पण मला त्यातून एवढं कळलं की स्क्रीनचा फायदा पायाला कमी आणि डोक्याला जास्त होतो. चालता चालता बघणं, ठरवणं, चुकवणं याची सवय होते.

तर चुकवायचं काय, ते आता सांगतो.

चांगल्या सेंटरमधल्या ट्रेडमिलसमोर रस्ता दिसायचा तो एकदम गुळगुळीत. दोन्हीकडे झाडं, रुंद फुटपाथ, एक बाई कुत्रा घेऊन जातेय, सायकलवाला आपल्या लेनमधून. सॉफ्टवेअर बाहेरून आलेलं, रस्ता पण बाहेरचाच. आत्या दोन-तीनदा गपचूप चालली आणि मग मॅडमना म्हणाली, 'अहो, यात रिक्षा का नाहीत?' सगळे हसले. पण मॅडम हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, खरं आहे आजी, इथे चालायला शिकलेले पेशंट खाली उतरले की गेटवरच अडकतात.

आत्याला जायचंय कौपिनेश्वराला. पूर्वी दर सोमवारी कोपरीतून निघायची, स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला, मग जांभळी नाक्याच्या मार्केटमधून फुलं, नारळ घेऊन देवळात. त्या रस्त्यात काय काय आहे बघा. पुलाचे जिने, तेही ऑफिस सुटल्याच्या गर्दीत अंगावर येणारे लोक. पश्चिमेला उतरलं की रिक्षांच्या रांगा, बसचे हॉर्न. फुटपाथ सुरू होतो आणि एखाद्या दुकानाच्या पायरीत संपतो. पेव्हर ब्लॉक एक वर एक खाली, गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं उंच. डावीकडून हातगाडी. जिच्यासाठी जगात डावी बाजू कमीच आहे तिच्यासाठी डावीकडून हातगाडी म्हणजे काय ते विचार करा. पावसाळ्यात या सगळ्यावर पाणी, आणि स्प्लिंट घातलेल्या पायाला खालची जमीन नीट जाणवत नाही. हे त्या परदेशी झाडांच्या रस्त्यावर शिकता येणार आहे का?

वेगाचं गणित पण मांडून बघा. सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेग असेल तर माणूस घरापुरताच चालू शकतो असं फिजिओ लोक धरतात, 0.4 ते 0.8 म्हणजे जेमतेम बाहेर, आणि 0.8 च्या वर गेला की बाहेर मोकळेपणाने फिरू शकतो. रस्ता ओलांडायचे सिग्नल लावताना पायी माणसाचा वेग साधारण 1.2 मीटर धरतात. पंधरा मीटरचा रस्ता धडधाकट माणूस बारा-तेरा सेकंदांत ओलांडतो, 0.4 वेगाच्या माणसाला 37-38 सेकंद लागतात. म्हणजे सिग्नल पडतो तेव्हा आमची आत्या रस्त्याच्या मधोमध, आणि आपल्याकडे सिग्नल सुटायच्या आधीच गाड्या सुटतात. अशा वेळी पळायचं नसतं, मधल्या दुभाजकाजवळ थांबून पुढचा सिग्नल धरायचा असतो, पण तेवढा धीर यायला तो प्रसंग आधी दहा वेळा कुठेतरी सुरक्षित जागी होऊन गेलेला पाहिजे. खऱ्या रस्त्यावर ही प्रॅक्टिस कोण करून घेणार? ती छताला बांधलेल्या पट्ट्यात, समोर स्क्रीनवर आपलाच चौक, आपलेच हॉर्न लावून करता येईल, आणि मला व्हीआरचं सगळ्यात जास्त मोल तिथे वाटतं. समुद्रकिनारा दाखवायला एवढा खर्च कशाला.

आता पैसे. लकवा झाला की हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून किंवा महात्मा फुले योजनेतून बऱ्यापैकी निघतं. पण बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरचा खर्च 60 किंवा 90 दिवसांपर्यंतच मिळतो, आणि त्यातही फिजिओची पावती लावली की टीपीएवाले (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारे) शंभर प्रश्न विचारतात. मेंदू सहा महिने शिकतोय आणि विमा दोन-तीन महिन्यांत थांबला, असा हा प्रकार. मग घरचे काय करतात, फिजिओ एक दिवसाआड करतात, मग आठवड्यातून एकदा, मग 'आम्हीच करून घेतो'. यावर आपल्या देशातच मोठा अभ्यास झालाय, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडूनच व्यायाम करून घेतले तर फरक पडतो का, तर सहा महिन्यांनी दोन्ही गटांत तेवढेच लोक, म्हणजे 47 टक्के, एक तर गेलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून. घरच्यांनी करू नये असा अर्थ नाही, पण फिजिओची जागा आपण घेऊ शकत नाही. जी मशीनबद्दल गोष्ट तीच भाच्याबद्दल पण.

सरकारी सोय म्हणाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, 1955 पासूनची, तिथे काम चांगलं आहे असं जाऊन आलेले सांगतात. पण डावी बाजू गेलेला माणूस घेऊन कोपरीतून हाजी अली आठवड्यातून तीनदा? लोकलने शक्य नाही, टॅक्सीने परवडत नाही. म्हणून ही सोय ठाण्यातच पाहिजे, आणि ती पालिकेने करायला पाहिजे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, शहरात जागोजागी पालिकेचे दवाखाने आहेत. दिव्यांगांसाठी पालिकेला 5 टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. त्यातून काय करता येईल? माझ्या मते कोट्यवधीची रोबोटवाली मशीन आधी घेऊच नका. मशीन आलं की उद्घाटन होतं, फोटो येतात, आणि एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली की त्याच्यावर चादर. ज्या किनेक्ट कॅमेऱ्यावर व्हीआरचे ढीगभर अभ्यास झाले ते बनवणं मायक्रोसॉफ्टने 2017 मधेच बंद केलं, म्हणजे ज्यांनी त्याच्यावर सगळी सिस्टिम उभी केली ते बसले स्पेअर शोधत. आधी फिजिओच्या जागा भरा, दवाखान्यात एक खोली द्या, कठडा, जिन्याच्या चार पायऱ्या, उंच-सखल फरशीचा एक तुकडा, छताला पट्टा. त्यानंतर एक मोठा टीव्ही आणि साधा कॅमेरा. एका फिजिओच्या नजरेखाली तीन-चार पेशंट एकदम सराव करू शकतील, एकमेकांचे स्कोअर बघून भांडतील पण. पावलं 357 ची हजार झाली तरी खूप.

आणि त्या टीव्हीवर रस्ता ठाण्याचा. आमच्या बिल्डिंगमधे इंजिनिअरिंगची दोन मुलं आहेत, त्यांना हे सांगितलं तर ती म्हणाली काका यात काय आहे, 360 वाला कॅमेरा भाड्याने मिळतो, छातीच्या उंचीला धरून हळू चालत शूट करायचं. मी म्हटलं छातीच्या उंचीला नको, आत्याच्या डोळ्यांच्या उंचीला. स्टेशनचा पूल, गोखले रोड संध्याकाळी सातला, जांभळी नाका गुरुवारी आणि जांभळी नाका गणपतीच्या आधीच्या रविवारी (हा शेवटच्या लेव्हलला ठेवा), तलावपाळीची सकाळ ज्यांना सोपं पाहिजे त्यांना. घोडबंदरला सर्व्हिस रोड, वागळेला कारखाना सुटायची वेळ. मॅडम म्हणाल्या व्हिडिओ आला तर त्या कुठे काय अडथळे टाकायचे, कुठे थांबवायचं, कोणत्या पेशंटला कोणता रस्ता द्यायचा ते बसून ठरवून देतील, फुकट. रस्त्यावरच्या लोकांचे चेहरे पुसायला लागतील, ते पण मुलं करतो म्हणाली.

फक्त शूटिंगला परवानगी कोणाकडून घ्यायची ते कळत नाहीये. स्टेशनच्या पुलावर रेल्वेची, रस्त्यावर पालिकेची, मार्केटमधे म्हणे पोलिसांची. आम्ही पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधे अर्ज दिलाय, तिथून आरोग्य विभागात पाठवलं, तिथून समाजविकासला. हे पत्र पालिकेतल्या कोणाच्या वाचनात आलं तर अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा एवढं तुमच्याच पेपरातून कळवा, आम्ही येतो. आणि ज्यांच्या घरी लकव्याचा पेशंट आहे अशा ठाणेकरांनी आपल्याला नडणारा एकेक रस्ता, चौक, जिना पेपरच्या पत्त्यावर लिहून पाठवला तर मुलांना शूटिंगची यादी करायला बरं पडेल. आत्याने तिची यादी दिलीच आहे, सतरा ठिकाणं आहेत त्यात, त्यातली पाच नुसती आमच्या गल्लीतली.

आपला,
एक वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)